निवृत्तीआप्पांचं हॉटडॉग सेंटर

निवृत्तीआप्पांच्या दुकानात अमेरिकेचं नाव काढायला बंदी होती. तशी पाटीबिटी काही लावलेली नव्हती. पण एखादं गिऱ्हाईक घास चावता चावता "अमेरिकेत म्हणे..." एवढं बोलायचा अवकाश, की आप्पा तव्यावरचा गाजराचा कडकडीत तुकडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी ह्ये खा." मग तो माणूस तो तुकडा या हातातून त्या हातात नाचवत, फुंकर मारत, हाशहुश करत बसायचा आणि अमेरिका राहायची बाजूला. हा तुकडा फुकट असे. कॉलेजच्या काही टारगट पोरांच्या हे बरोबर लक्षात आलं होतं. ती आली की बसल्या बसल्या अमेरिकेचा जप सुरू करायची आणि अर्धं पोट तेवढ्यावर भरून घ्यायची.

तुकडा खाऊनही जो थांबत नसे, त्याच्यासाठी आप्पांचं ठेवणीतलं वाक्य होतं. "बोलायचं ते दिवसा. रातच्याला नुसतं खायचं." आता ज्याचं दुकान उघडतंच मुळी रात्री दहाला, त्यानं बोलायची वेळ दिवसाची ठेवावी, याला काय म्हणायचं? मी तरी याला चक्रमपणा म्हणत असे. त्यांच्या तोंडावर नाही अर्थात, कारण मला तिथं रोज खायचं असे.

मी तेव्हा टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होते. लोक चुकीचे नंबर, चुकीची नावं, चुकीचे पत्ते घेऊन यायचे आणि मी ते दुरुस्त करून द्यायची. ही नोकरी फार वर्षं केली की माणसाला एक खोड लागते. समोरच्यानं काही चुकीचं म्हटलं की पोटात कळ येते, दुरुस्त केल्याशिवाय ती थांबत नाही. घरी भाजीवालीपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना मी दुरुस्त करत आले आहे. आमच्या यजमानांना विचारा.

माझी संध्याकाळची ड्यूटी असली की यजमान रात्री स्कूटरवर मला आणायला यायचे. आम्ही पंचवटीत राहत होतो. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. तेव्हाचं नाशिक रात्री नऊलाच जांभया द्यायला लागायचं. घरी जाऊन कुकर लावायचं माझ्या जिवावर यायचं आणि यजमानांना चहापलीकडे काही येत नव्हतं. अशाच एका उपाशी रात्री दिंडोरी नाक्याजवळ, भाजीबाजाराच्या कडेला, आम्हाला पिवळा बल्ब आणि त्याखाली ती पाटी दिसली. 'निवृत्ती हॉटडॉग सेंटर.' पाटीच्या चार कोपऱ्यांत चार कुत्री काढलेली आणि प्रत्येकाच्या तोंडात एकेक गाजर.

चार कुत्री का, हे मी पहिल्याच रात्री विचारलं. डॉग म्हणजे कुत्रा एवढं आप्पांना माहीत होतं. पण त्यांच्या मंडळींचं, म्हणजे कौसाबाईंचं म्हणणं असं, की दत्तमहाराजांच्या पायाशीसुद्धा चार कुत्री असतात, तेव्हा नाव शुभच आहे. म्हणून पेंटरला सांगून चारच काढून घेतली. दर गुरुवारी पहिला घाणा गल्लीतल्या खऱ्या कुत्र्यांना जायचा. ती कुत्री शहाणी होती, पाव खायची आणि गाजर ठेवून द्यायची. एखाद्या माळकरी म्हाताऱ्यानं नाव ऐकून नाक मुरडलं, तर आप्पा त्याला समजावायचे, "बाबा, आमच्या शेजारी वाघ आडनावाचा माणूस हाय. तो काय माणसं खातो का?"

आता पदार्थाबद्दल. आप्पा माळी, मखमलाबादच्या अंगाला त्यांचा गाजर-कोथिंबिरीचा मळा. एक लांबच लांब, लालबुंद, सोललेलं गाजर अख्खं वाफवायचं. मग तव्यावर तेल आणि घरचा काळा मसाला टाकून त्यात ते लोळवायचं. बेकरीतून मुद्दाम करून घेतलेला लांबट पाव मधोमध चिरायचा, भाजायचा आणि त्यात ते गाजर निजवायचं. त्यावर लाल मिरचीचा ठेचा. आणि सगळ्यात वर, मेंदीच्या कोनासारखा कोन करून त्यातून पिठल्याची नागमोडी पिवळी रेघ. ही रेघ फक्त कौसाबाई काढायच्या. आप्पांना ती काढायला परवानगी नव्हती, कारण त्यांची रेघ सरळ यायची. कौसाबाईंच्या रेघेला मोजून सारखी वळणं असायची, रांगोळीच्या हाताची बाई होती ती. शेवटी कोथिंबीर, ती मात्र आप्पा हात सैल सोडून घालायचे. घरचीच होती.

चवीबद्दल काय सांगू? पहिला घास घेताना मी मनात म्हटलं, हे काय भलतंच. दुसरा घास घेताना काही म्हटलं नाही. तिसरा घास यजमानांच्या पावातला घेतला.

दुकानाचा तक्ता बघण्यासारखा होता. साधा हॉटडॉग, झणझणीत हॉटडॉग, पाहुण्यांचा हॉटडॉग (यावर साजूक तूप), चातुर्मासातला हॉटडॉग (कांदा-लसूण नाही), बिनपावाचा हॉटडॉग, आणि बिनगाजराचा हॉटडॉग. हा शेवटचा म्हणजे नुसता पाव-पिठलं. उपवासाचा हॉटडॉग पण होता. त्यात पाव नाही, पिठलं नाही, वाफवलेल्या गाजरावर दाण्याचं कूट आणि आप्पांचा आशीर्वाद. गाजराचा हंगाम संपला की तक्त्यावर खडूनं 'पडवळाचा' असं लिहिलं जायचं आणि श्रावणात पावाच्या दोन्ही टोकांतून पडवळ बाहेर लोंबायचं. गिऱ्हाईक म्हणजे पहाटेच्या लिलावासाठी रात्रीच माल घेऊन आलेले शेतकरी, हमाल, रिक्षावाले, दुसऱ्या पाळीवरून सुटलेले कारखान्यातले लोक. वणीला पायी जाणारे जथेसुद्धा थांबायचे. गिरणाऱ्याचा एक टोमॅटोवाला शेतकरी मला एकदा म्हणाला, "ताई, पोटभरीचं हाय अन् नाव बी मोठं हाय. घरी सांगायला बरं पडतं."

एक गोष्ट मात्र मला फार लागायची. दुकानापुढे बाकडी होती. शेगडीला लागून एक आणि दुसरं पार पलीकडे, कडुनिंबाखाली. शेतकऱ्याला, हमालाला आप्पा शेगडीपाशी बसवायचे. चष्मा लावलेला किंवा खिशाला पेन असलेला माणूस आला की त्याला हातानं धरून थेट कडुनिंबाखाली. मला चष्मा, यजमानांना चष्मा आणि पेन दोन्ही. आम्ही कायम निंबाखाली. थंडीत शेगडीची ऊब नाही, वरून निंबाच्या काड्या पावात. पुन्हा आप्पा येता-जाता नजर ठेवून असत. कौसाबाई लांबून हसून विचारायच्या, "ताई, अजून देऊ का?" मी उत्तर द्यायला उठले की आप्पा मध्ये हजर. "तिकडंच बसा, मी आणतो." चार बुकं शिकलो हा काय गुन्हा झाला?

एका रात्री आप्पा पाव आणायला आत गेले आणि ती संधी साधून मी हात धुवायला शेगडीपाशी गेले. तिथं भिंतीवर देवीच्या तसबिरीशेजारी दुसरी एक तसबीर होती. कुठल्यातरी परदेशी मासिकातलं चकचकीत पान कापून काच लावून टांगलेलं. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. कौसाबाईंनी मोठ्या अभिमानानं ते मला दाखवलं. बताशांच्या पुडीला आलेला कागद, त्यांनीच पहिल्यांदा पाहिलेला. "ह्ये बघा ताई, ह्ये गाजर, ह्यो ठेचा, अन् ह्ये पिठलं. डिट्टो हाय का नाय आमचं?"

मी पाहिलं. लांबट पाव होता. त्यात लाल, गोलसर, लांबडं असं काही होतं. वर पिवळी नागमोडी रेघ होती. माझा धाकटा भाऊ शेखर तेव्हा अमेरिकेत होता आणि तिथं काय काय खातात याची साग्रसंगीत वर्णनं त्यानं घरी कळवलेली होती. ते लाल म्हणजे गाजर नव्हतं. सॉसेज होतं, मांसाचं. आणि पिवळं ते पिठलं नव्हतं, मोहरीची चटणी होती.

मला पोटातून हसू फुटत होतं आणि त्याच वेळी ती दुरुस्तीची कळही सुरू झाली होती. पण कौसाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. अंड्याचा नुसता उल्लेख झाला तरी ती बाई चूळ भरायची. तिला कसं सांगणार? म्हटलं, आप्पांना सांगावं. तेवढ्यात आप्पा पाव घेऊन बाहेर आले. मला तसबिरीपुढे उभी पाहून त्यांच्या हातातले दोन पाव खाली पडले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ताई, उद्या दुपारी मळ्यावर या. जे काय असंल ते तिथं बोला."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मळ्यावर गेले तर आप्पा धोतर वर खोचून विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात उभे होते आणि पायांनी गाजरं तुडवून धूत होते. गाजरं अशी धुतात हे मला तेव्हा कळलं. हौदातलं पाणी गढूळ होत होतं आणि गाजरं हळूहळू लाल होत होती. मी प्रस्तावना करायला घसा खाकरला. खात्यात असताना ग्राहकाला वाईट बातमी सांगायचा माझा एक वेगळा आवाज होता, तो लावला. पण आप्पांनी मला बोलूच दिलं नाही.

"ताई, फोटुतलं ते गाजर नाय. मला म्हाईत हाय."

आप्पा पाय थांबवायला तयार नव्हते. तुडवता तुडवताच त्यांनी सगळं सांगितलं. दुकान टाकलं त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं होतं, पूर्वी बोटीवर खानसामा असलेलं. त्यानं तसबीर बघून तिथल्या तिथं आप्पांच्या कानात सांगितलं, की आत काय असतं आणि ते कुठल्या जनावराचं असतं. आप्पांनी त्याला सप्तशृंगीची आण घालून गप्प केलं आणि रोज फुकट खायला घातलं. पुढं तो गाव सोडून गेला तेव्हा कुठं आप्पांना झोप लागली.

मी म्हटलं, मग कौसाबाईंना सांगितलं का नाहीत? पदार्थ चांगला आहे, गाजराचाच आहे, बिघडलं कुठं?

आप्पा पहिल्यांदाच थांबले. म्हणाले, "आम्हाला पोरबाळ नाय, ताई. भाऊ येगळे झाले, घरात आम्ही दोघंच उरलो. तवापासून ती बोलायचीच बंद झाली. दिस दिस 'जेवा' अन् 'दिवा मालवा', एवढंच. त्या साली गाजराला भाव नव्हता. बाजारात ओतून रिकाम्या हातानं घरी आलो, तर ही बया कागद घेऊन हसत बसलेली. हसत, ताई. म्हणली, ह्ये बघा, तिकडचे सायेब लोक गाजर पावात घालून खात्यात अन् तुम्ही उकिरड्यावर ओतून येता. रातभर बोलत व्हती. पाव कसा करायचा, पिठलं किती घट्ट. म्या मनात म्हणलं, आता हिला परत गप्प होऊ द्यायचं नाय."

गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली, अशी आपल्याकडे म्हण आहे. आप्पांनी बायकोच्या हसण्यापायी ती पुंगी हातात धरली आणि ती वाजली. लोक रांगा लावून खायला लागले. पंचवटीतल्या हळदीकुंकवाला कौसाबाई गेल्या की बायका त्यांना पुढं बसवायच्या, कृती विचारायच्या. जिला घरात कुणी विचारत नव्हतं, तिचा पदार्थ आता बाजारात नावानं ओळखला जात होता. आणि तो पदार्थ मुळात मांसाचा असतो, आपण ज्याला हळदकुंकू वाहतो तो फोटो त्याचा आहे, हे तिला कळलं असतं तर? आप्पांना खात्री होती, की ती त्याच दिवशी तवा पालथा घालेल आणि कायमची गप्प होईल.

मग बाकीचं माझं मलाच उलगडत गेलं. तरी मी विचारलंच, की दुकान रात्रीचं का? आप्पा म्हणाले, "शिकलेली माणसं टीव्ही बघून लवकर झोपत्यात. रातच्याला येतो तो भुकेला. भुकेला माणूस चौकशा करत नाय." आणि चष्मेवाले लांब का, हे विचारायची आता गरज नव्हती.

मी आले होते त्यांना दुरुस्त करायला. परत निघाले तेव्हा माझ्या पदरात दोन जुड्या कोथिंबीर होती आणि डोळ्यांत पाणी. मला माझ्या त्या चौकशीच्या टेबलाचा पहिल्यांदा थोडा रागच आला. चक्रम म्हणून ज्यांची मी घरी नक्कल करायची, त्या माणसाइतकं शहाणं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी आप्पांच्या पक्षात सामील झाले. निंबाखाली बसून नव्या चष्मेवाल्यांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कुणी अमेरिकेची अ काढली की मी त्याला महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याबद्दल विचारायची. नाशिककर त्या विषयावर अर्धा तास सहज बोलतो.

अशी काही वर्षं छान गेली. आणि मग शेखर आला.

शेखरबद्दल आधी सांगायला हवं. दुरुस्त करायची खोड आमच्या घराण्यातली आहे, पण माझ्यात ती सर्दीसारखी आहे आणि शेखरमध्ये न्यूमोनियासारखी. स्वतःच्या लग्नात त्यानं गुरुजींचा मंत्र चुकला म्हणून विधी थांबवला होता. सासूनं पहिल्यांदा केलेला शिरा खाऊन, रवा कच्चा राहिला आहे, असं त्यानं पंगतीत सांगितलं होतं. मनानं अगदी निर्मळ, पण खोटं बोलणं त्याला येतच नाही. कुणी विचारलं की खरं ते सांगून मोकळा. हा मुलगा अमेरिकेहून महिनाभराच्या सुट्टीवर आला आणि आमच्याकडे उतरला.

मी ठरवलं होतं, की त्याला दिंडोरी नाक्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. पण आमचे यजमान. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोथिंबीर घ्यायला बाजारात गेले आणि कौसाबाईंना सांगून आले, की आमचा मेहुणा अमेरिकेहून आलाय. घरी येऊन मला वर सांगतात, बाई किती खूश झाल्या म्हणून. त्यांनी निरोप दिला होता. पाहुण्यांना घेऊन याच, मला त्यांना एक विचारायचं आहे, कधीपासूनचं विचारायचं आहे.

मी दोन दिवस शेखरची तयारी करून घेतली. सगळी हकिगत सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "ताई, मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं तर मी खोटं सांगणार नाही." मी रडून पाहिलं, रागावून पाहिलं. काही उपयोग नाही.

तिकडे आप्पांनाही निरोपाचा पत्ता लागला होता. ठरलेल्या रात्री आम्ही गेलो तर दुकानाला कुलूप आणि वर खडूनं 'दुरुस्ती चालू' असं लिहिलेलं. मी सुटकेचा श्वास टाकला. तोच मागून कौसाबाई आल्या. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, हातात किल्ली. "कशाची दुरुस्ती? ह्यांना आज काय झालंय कळत नाय," असं पुटपुटत त्यांनी कुलूप उघडलं. मागोमाग आप्पा, चेहरा पार उतरलेला.

कौसाबाईंनी शेखरला हाताला धरून शेगडीपाशीच बसवलं. आप्पा, "तिकडं निंबाखाली वारा बरा हाय," असं काहीतरी म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नसावं. 'पाहुण्यांचा' हॉटडॉग झाला. वरची रेघ कौसाबाईंनी एकदा पुसून पुन्हा काढली. शेखर खायला लागला. त्याची खायची पद्धतसुद्धा तपासणी केल्यासारखी. आप्पा उलथनं हातात धरून उभे होते आणि तव्यावरचं गाजर जळत होतं.

शेवटचा घास संपला आणि कौसाबाईंनी विचारलं. आप्पा मध्ये काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"दादा, तुम्ही तिकडं ऱ्हाता. तिकडची गाजरं कशी असत्यात?"

शेखरनं माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहिलं. आणि म्हणाला, "मावशी, तिकडची गाजरं अगदी बेचव. पाण्यासारखी लागतात. हे असं मी तिकडे इतकी वर्षं राहून कुठंही खाल्लेलं नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण कौसाबाईंचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यांनी तसबीर खिळ्यावरून काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. "मग ह्या फोटुवाणी जमलंय का मला? खरं सांगा. मला कधी कुणी खरं सांगत नाय."

माझा हा भाऊ, ज्यानं सासूच्या शिऱ्याला सोडलं नाही, त्यानं ती तसबीर जपून परत दिली आणि म्हणाला, "खरं सांगू? फोटोपेक्षा तुमचं कितीतरी चांगलं आहे. मी दोन्ही खाल्लंय, म्हणून सांगतो."

मला त्याची आयुष्यात एवढी माया कधी वाटली नव्हती. आप्पांनी जळकं गाजर तव्यावरून काढलं आणि उगीचच पुन्हा तव्यावर ठेवलं.

कौसाबाई मात्र गंभीर झाल्या होत्या. तसबीर छातीशी धरून त्या आप्पांकडे वळल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का? आता तरी लाजू नका. म्या कधी बोलले नाय, पण मला वाटायचं, माझ्या हातचं विकायची तुम्हाला लाज वाटती. म्हणून दिवसाउजेडी दुकान उघडत नाय. शिकलेली माणसं आली की लांब बसवता. म्हणलं, बाईमाणसाचं खूळ, ह्यांनी मन ठेवायला म्हणून अंधारात ठेवलंय."

मी आप्पांकडे पाहू शकले नाही. जी गोष्ट ते तिच्यापासून इतकी वर्षं झाकत होते, ती तिला ठाऊकही नव्हती, आणि त्या झाकण्याचीच तिनं ही अशी बेरीज केली होती. तरी ती रोज रात्री येऊन ती रेघ काढत होती. आप्पांनी उलथनं खाली ठेवलं. खरं कारण त्यांना सांगता येत नव्हतं आणि दुसरं कुठलंच कारण त्यांच्याजवळ नव्हतं. ते तिच्यापाशी आले आणि तिच्या हातातली तसबीर घेऊन त्यांनी ती स्वतः खिळ्याला टांगली.

"उद्यापासून पाचला उघडू," ते म्हणाले. "तू म्होरं बस."

दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकून पाच वाजता दिंडोरी नाक्यावर गेले. लख्ख ऊन होतं. बाजारात तोबा गर्दी होती. कौसाबाई दुकानाच्या अगदी तोंडाशी पाट टाकून बसल्या होत्या आणि आप्पा चक्क रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होते. पेनवाले, चष्मेवाले, एक प्राध्यापक, कुणालाही सोडत नव्हते. आवाज बसला होता तरी ओरडत होते. "या, या, खाऊन बघा. आमच्या मंडळींनी काढलेलं हाय."